प्रेस गँग म्हणजे नक्की काय होतं? वेठीला धरलेल्या खलाशांबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न असा होता की जुन्या काळी इंग्लंडात दारूच्या गुत्त्यातून दिसेल त्याला दांडका घालून नौदलाच्या जहाजावर न्यायचे हे खरं का, एवढं मोठं नौदल होतं तर सरळ पगार देऊन माणसं का घेत नव्हते, आणि आपल्याकडच्या खलाशांवर असं काही झालं का. मी ३४ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, शेवटची ११ वर्षं मास्टर, म्हणजे जहाजाचा कॅप्टन म्हणून, आणि माझे आजोबा रत्नागिरीकडून मुंबईला येऊन गोऱ्यांच्या बोटीवर खलाशी होते, त्यामुळे हा विषय माझ्या घरातलाच आहे. जरा लांबण लागेल.

आधी "दिसेल त्याला" हे डोक्यातून काढा. प्रेस गँगला, म्हणजे नौदलासाठी माणसं धरून नेणाऱ्या टोळीला, दारुडा, भिकारी, शेतमजूर नको होता, तिला खलाशी हवा होता. कायद्याने १८ ते ५५ वयाचा, समुद्राची सवय असलेला माणूसच धरता यायचा. भलताच कोणी हाती लागला असं घडायचं, पण तो सापडावा म्हणून सगळा खटाटोप नव्हता. कारण साधं आहे. तोफ ओढायला, दोर खेचायला गडी कुठलाही चालतो, पण वादळात रात्रीच्या अंधारात डोलकाठीवर चढून, आडव्या काठीवर पोट टेकून, पायाखाली नुसता दोर असताना ओलं शीड गुंडाळणारा माणूस तयार व्हायला काही वर्षं जातात, आणि ते काम लहानपणापासून शिकलेला असला तरच अंगात मुरतं. आमच्या काळात शिडं नव्हती, पण खराब हवेत पुढच्या डेकवर माणसं पाठवायची वेळ माझ्यावर कितीदा आली, तेव्हा मी हाताला येईल तो माणूस नाही पाठवला, ज्यांच्यावर भरवसा होता तेच चार जण दर वेळी पाठवले. ७४ तोफांच्या एका जहाजाला सुमारे ६०० माणसं लागत, त्यात असे कसलेले लोक पुरेसे नसले तर बाकीच्या सगळ्यांचा जीव धोक्यात. म्हणजे वेठीला धरलं जायचं ते कौशल्य, आणि मला या सगळ्यात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच, की माणूस आपल्या कामात जितका हुशार तितका तो पकडला जायची शक्यता जास्त.

आता पगाराचं. ब्रिटिश नौदलात एबल सीमनचा, म्हणजे कसलेल्या खलाशाचा पगार १६५० च्या दशकात ठरला, २८ दिवसांच्या महिन्याला २४ शिलिंग, आणि तो १७९७ पर्यंत तसाच राहिला. जवळजवळ दीडशे वर्षं! मधल्या काळात धान्य महागलं, कापड महागलं, सगळं महागलं. शांततेच्या काळात हे कसंबसं चालून जायचं कारण नौदल लहान असायचं. १७९२ साली नौदलात सोळा-सतरा हजार माणसं होती, आणि फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर दहा वर्षांच्या आत हा आकडा सव्वा लाखाच्या घरात गेला. एवढे कसलेले खलाशी देशात रिकामे बसलेले नव्हतेच, आणि जे होते त्यांना ओढायला व्यापारी जहाजं तयार होती, युद्धात त्यांचे पगार दुप्पट तिप्पट व्हायचे. मग सरकारपुढे दोन रस्ते होते, एक तर बाजारभावाने पगार द्या नाही तर माणूस धरून आणा, आणि सरकारने दुसरा रस्ता घेतला कारण तो स्वस्त होता. बाकी राजाचा प्राचीन हक्क वगैरे कोर्टात सांगायच्या गोष्टी.

हा "प्रेस" शब्द कुठून आला ते बघण्यासारखं आहे. दाबणं या अर्थाशी त्याचा मुळात संबंध नाही, जुन्या इंग्रजीत "प्रेस्ट" म्हणजे आगाऊ दिलेले पैसे. आपल्या भाषेत उचल. ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम सीझनच्या आधी उचल देतो आणि ती घेतली की माणूस बांधला गेला, तसंच. राजाच्या माणसाने हातावर एक शिलिंग ठेवला की तुम्ही उचल घेतली असं धरायचे. पुढे समुद्रावरच्या सक्तीची जी जी रूपं मी वाचली आणि काही डोळ्यांनी बघितली त्या सगळ्यांत ही उचल आहेच, म्हणून तो शब्द लक्षात ठेवा.

जमिनीवरची गँग कशी चालायची तर बंदराच्या गावात एखाद्या खानावळीत ठाणं असायचं, त्यावर एक कॅप्टन, हाताखाली लेफ्टनंट, आणि भाड्याने घेतलेले आठ-दहा दांडगे. ते गल्लीत फिरून माणूस ओळखायचे, डांबराने काळे पडलेले हात, डोलत चालायची पद्धत, कपडे. ज्यांच्याकडे सूट मिळाल्याचा कागद असायचा त्यांना सोडायचं असा नियम होता, पण फारच गरज पडली की वरून हुकूम यायचा की कागदबिगद बघू नका, याला "हॉट प्रेस" म्हणायचे.

पण सिनेमात दाखवतात ती गल्लीतली मारामारी हा लहान भाग. खरा मोठा शिकारखाना समुद्रावर होता आणि तो मला गल्लीतल्यापेक्षा कितीतरी क्रूर वाटतो. विचार करा, तुम्ही हिंदुस्थानला किंवा वेस्ट इंडीजला जाऊन दीड-दोन वर्षांनी परत येताय, इंग्लिश चॅनलमध्ये शिरलात, किनारा दिसतोय, गाव दिसतंय, घरी पोरगं झालंय एवढंच पत्रातून कळलेलं. तेवढ्यात नौदलाची बोट बाजूला लागते, लेफ्टनंट वर येतो, सगळ्यांना डेकवर उभं करतो, आणि चांगले चांगले उचलून नेतो. जहाज बंदरात न्यायला बदली माणसं देतात. तुमच्या दोन वर्षांच्या पगाराची व्यापारी कॅप्टनने चिठ्ठी द्यायची. तुम्ही घर बघून, घरी न जाता परत समुद्रावर. मी स्वतः साइन ऑफच्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून उतरायच्या दिवशी बदली माणूस आला नाही म्हणून दीड महिना जास्त काढलाय आणि त्या दीड महिन्यात मी काय झालो होतो ते मला माहीत आहे, माझ्या हातात फोन होता, पगार चालू होता, तरी. या लोकांना तर कधी सुटणार हेच माहीत नसायचं, कारण युद्ध संपेपर्यंत सुटका नव्हती आणि एक जहाज दुरुस्तीला गेलं की बंदरात पाय न ठेवू देता दुसऱ्या जहाजावर बदली करायचे.

वर पगारही हातात नाही. सहा महिन्यांचा पगार कायम मागे ठेवायचा हा नियमच होता, हेतू उघड, म्हणजे पळणार नाही. पळाला तर मस्टर बुकात, म्हणजे जहाजावरच्या माणसांच्या हजेरीवहीत, नावापुढे "आर" (रन, म्हणजे पळाला) पडायचा आणि सगळा थकलेला पगार बुडाला. तरीही लोक पळायचे. १८०३ मध्ये खुद्द अ‍ॅडमिरल नेल्सनने हिशेब मांडला होता की १७९३ पासून ४२ हजार खलाशी पळाले. फाशीची शिक्षा लागू शकत असताना ४२ हजार.

आणि मागे राहिलेल्यांचं काय व्हायचं याची एक नोंद आहे जी मी कुठेही हा विषय निघाला की सांगतोच. मेरी जोन्स नावाची लंडनमधली विशीच्या आतबाहेरची बाई. १७७० च्या आसपास फॉकलंड बेटांवरून स्पेनशी युद्ध होणार अशी हवा झाली, भरतीची धरपकड सुरू झाली, त्यात तिचा नवरा नेला. दोन लहान पोरं, कमावतं कोणी नाही, घर गेलं, रस्त्यावर आली. लडगेट हिलवरच्या एका दुकानातून तिने मलमलीचे तागे उचलले, पकडली गेली. १७७१ साली तिला टायबर्नला फाशी दिलं. युद्ध तर झालंच नाही. सहा वर्षांनी सर विल्यम मेरेडिथ यांनी पार्लमेंटात हे प्रकरण काढलं आणि बोलून दाखवलं की हिचा गुन्हा मुळात आपल्या भरतीतून जन्माला आला. नवऱ्याचं पुढे काय झालं हे कोणी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही, खलाशाची नोंद अशीच असते, मस्टर बुकात आला तेव्हाची तारीख आणि गेला तेव्हाची.

कोर्टात कोणी गेलं नाही असं नाही. पण १७७६ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डसारख्या न्यायाधीशाने, ज्याने त्याच्या चारच वर्षं आधी इंग्लंडात गुलामाला जबरदस्तीने देशाबाहेर नेता येणार नाही असा सॉमरसेटचा निकाल दिला होता, त्याच माणसाने प्रेसचा हक्क जुन्या वहिवाटीवर मान्य केला. हे मी दहा वेळा वाचलं तरी पचत नाही.

जिथे कोर्टाने काही दिलं नाही तिथे लोकांनी अंगावर घेतलं. अमेरिका तेव्हा ब्रिटिश वसाहत होती, तिथे बोस्टनमध्ये १७४७ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश नौदलाच्या कमोडोर नोल्सने ४६ माणसं उचलली तर शहर तीन दिवस पेटलं होतं, लोकांनी नौदलाचे अधिकारीच ओलीस धरले. पण मला जास्त आठवतो तो मायकेल कॉर्बेट. एप्रिल १७६९, पिट पॅकेट नावाचं दोन डोलकाठ्यांचं व्यापारी जहाज कादिझहून मीठ भरून मॅसॅच्युसेट्सला परत येत होतं, वाटेत नौदलाच्या रोझ जहाजावरचा लेफ्टनंट पँटन चढला. कॉर्बेट आणि तिघं जण पुढच्या टोकाला होल्डमध्ये शिरून बसले, हातात हारपून, म्हणजे मासे मारायचा भाला. सांगतात ते असं की कॉर्बेटने मिठानेच एक रेघ ओढली आणि बजावलं, ही ओलांडलीस तर मारीन. पँटनने ओलांडली. कॉर्बेटने हारपून मानेत घातला, पँटन मेला. खटल्यात वकील होते जॉन अ‍ॅडम्स, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि निकाल लागला की स्वसंरक्षणासाठी केलेला वध, सुटका. सात वर्षांनी अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला त्यात राजाविरुद्धच्या तक्रारींत हीसुद्धा एक आहे, की आमच्या लोकांना समुद्रावर पकडून आमच्याच देशाविरुद्ध लढायला लावलं.

स्वातंत्र्यानंतरही थांबलं नाही. ब्रिटनचं म्हणणं, जन्माने ब्रिटिश तो कायमचा ब्रिटिश, अमेरिकेचा कागद आम्ही मानत नाही. १८०७ च्या जूनमध्ये लेपर्ड या ब्रिटिश जहाजाने अमेरिकन नौदलाच्याच चेसापीकवर तोफा डागून चार माणसं काढून नेली, त्यातल्या जेंकिन रॅटफर्डला फाशी दिलं. एकूण किती अमेरिकन खलाशी ओढले गेले यावर वाद आहे, सहा हजारांपासून दहा हजारांपर्यंत आकडे सांगतात. १८१२ च्या युद्धाचं हे एक मोठं कारण, आणि गंमत नाही तर दुःख असं की १८१४ ला घेंटला तह झाला त्यात या विषयावर एक ओळसुद्धा नाही.

बरं, नौदलात एकूण किती टक्के लोक असे धरून आणलेले होते? पूर्वी सरसकट निम्मे म्हणायचे. अलीकडे मस्टर बुकं तपासून १७९३ ते १८०१ या काळासाठी सोळा टक्क्यांच्या आसपास असा आकडा काढलाय. मेहनत मोठी आहे, मला मान्य आहे. पण वहीत "व्हॉलंटिअर" लिहिलं म्हणजे तो राजीखुशीने आला असं मी, जन्मभर वह्या लिहिलेला माणूस, मानू शकत नाही. धरलेल्या माणसाला विचारायचे, आता तू आमच्या ताब्यात आहेसच, स्वतःहून आलो असं म्हण म्हणजे बक्षिसाचे पैसे तरी मिळतील. कोण नाही म्हणेल? वहीत तो व्हॉलंटिअर. आणि गँग दारात आहे हे दिसल्यावर बक्षीस घेऊन आधीच गेलेलाही व्हॉलंटिअर.

शेवटी पगाराचा प्रश्न खलाशांनीच सोडवला. एप्रिल १७९७ मध्ये स्पिटहेड या नौदलाच्या ठाण्यावर अख्ख्या ताफ्याने नांगर उचलायला नकार दिला, अतिशय शिस्तीत, शत्रू बाहेर आला तर लढू पण तोवर हलणार नाही, आणि पगारवाढ, माफी, सगळं मिळवलं. लगेच पुढच्या महिन्यात नोअर या दुसऱ्या ठाण्यावर बंड झालं ते मात्र चिरडलं, त्याचा पुढारी रिचर्ड पार्करला सँडविच जहाजावर फाशी दिलं. १८१५ ला नेपोलियन संपला तशी ही भरतीही थांबली, १८३५ ला धरलेल्या माणसाच्या नोकरीला पाच वर्षांची मर्यादा घातली, आणि १८५३ ला ठरावीक मुदतीची कायम नोकरी आणि पेन्शन सुरू केल्यावर धरपकडीची गरजच उरली नाही. म्हणजे जो उपाय पहिल्या दिवसापासून समोर होता तोच.

व्यापारी जहाजांवरची सक्ती मात्र वेगळ्या रूपात चालूच राहिली. सॅन फ्रान्सिस्को, पोर्टलंड इथे लॉजिंगवाले दलाल असायचे, खलाशी उतरला की त्याला ठेवायचे, खाऊ-पिऊ घालायचे, कर्ज चढवायचे, आणि मग त्याच्या पुढच्या दोन महिन्यांच्या पगाराची उचल स्वतःच्या खिशात घालून त्याला जहाजावर टाकायचे, कधी बेशुद्ध करून. हीच ती "शांघायिंग". १८९५ मध्ये अरागो जहाजावरचे चार खलाशी ओरेगॉनमध्ये उतरून गेले, त्यांना पकडून जबरदस्तीने परत चढवलं, त्यांनी काम नाकारलं म्हणून अटक. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८९७ ला कोर्ट म्हणालं की गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती खलाशाच्या कराराला लागू नाही. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधात लिहिलं. अँड्र्यू फ्युरुसेथ नावाचा नॉर्वेजियन खलाशी-पुढारी त्यानंतर वर्षानुवर्षं लढला तेव्हा कुठे १९१५ चा सीमेन्स अ‍ॅक्ट आला.

आता आपल्याकडचं. जुन्या ब्रिटिश कायद्याने ब्रिटिश जहाजावर तीन-चतुर्थांश खलाशी ब्रिटिश लागायचे. पण युद्ध लागलं की ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे गोरे खलाशी नौदल उचलून न्यायचं, हिंदी महासागरातसुद्धा, मग नियम सैल व्हायचा आणि रिकाम्या जागी आपले लोक भरायचे, लस्कर म्हणून. तिकडे प्रेस, इकडे लस्कर, एकाच दोराची दोन टोकं. जहाज लंडनला पोचलं की यांना परतीपर्यंत शॅडवेलच्या बराकीत कोंबायचे, थंडीने माणसं मरायची, १८१४ ला पार्लमेंटच्या समितीला त्याची चौकशी करावी लागली. आणि १८२३ च्या कायद्याने स्पष्टच लिहिलं की हे ब्रिटिश खलाशी धरायचे नाहीत. मग पगार वेगळा, राहायची जागा वेगळी, करार वेगळा, गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात काम.

त्यांना दांडका घालून कोणी आणलं नाही. आणायची गरजच नव्हती, उचल होती. मुंबईत घाट सारंग (किनाऱ्यावरचा भरतीचा दलाल) आणि जहाजावरचा सारंग (खलाशांचा मुकादम) यांच्या हातात भरती. सारंग आपल्या गावचे, नात्यातले लोक उभे करायचा, मधल्या बेकारीत खायला-राहायला उधारी, त्यावर व्याज, नोकरी लागली की दलाली, पगारही पुष्कळदा सारंगाच्या हातून. आजोबा सांगायचे की पहिल्या तीन सफरी त्यांनी फक्त फेडण्यात घालवल्या, गावी पैसे चौथ्या सफरीपासून आले. ते सारंगाला शिव्या देत नसत, त्याच्यामुळे काम मिळालं असंच म्हणायचे, आणि हे समजून घेतल्याशिवाय ही व्यवस्था इतकी वर्षं का टिकली ते कळणार नाही. गोव्याच्या लोकांनी धोबीतलावला गावागावाचे कूड, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या राहायच्या जागा, काढले तेही याचसाठी, बेकारीत डोकं टेकायला जागा आपली असली की दलालाची उधारी तेवढी कमी.

सक्ती दिसायची ती नकार दिला की. १९३९ ला युद्ध सुरू झालं, पाणबुड्यांच्या समुद्रात जायचं आणि पगार तोच, तेव्हा हिंदी खलाशांनी लंडनपासून केपटाउनपर्यंत बोटी अडवल्या, तर करार मोडला म्हणून शेकडो जणांना तुरुंगात टाकलं. पगारवाढ मिळाली ती त्यानंतर. त्या युद्धात व्यापारी जहाजांवरचे साडेसहा हजारांच्या आसपास हिंदी खलाशी गेले. मस्जिद बंदरला सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त जणांचं स्मारक आहे, मुंबईत असाल तर एकदा जाऊन या, नावं वाचा, रायगड-रत्नागिरीची नावं ओळखू येतात.

आणि आज? दांडका नाही, शिलिंग नाही, उचल उलटी झाली आहे, आता खलाशीच एजंटला पैसे देतो. माझ्या शेवटच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये खेडकडचा एक पोरगा ओएस (ऑर्डिनरी सीमन, म्हणजे नवशिका खलाशी) म्हणून आला होता, त्याच्या वडलांनी जमीन गहाण ठेवून एका एजंटला साडेतीन लाख दिले होते. त्याआधी त्याच एजंटने त्याला कुठल्यातरी भंगारातल्या जहाजावर चढवलं होतं, तिथे सात महिने पगार नाही, पासपोर्ट कॅप्टनकडे, प्यायचं पाणी मोजून. तो उतरू शकत होता का? कागदावर हो. घरी जमीन गहाण आहे हे डोक्यात असताना नाही. रात्री ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, माझ्यासोबत लुकआउटला असताना त्याने हे सांगितलं, रडला नाही, फक्त विचारलं की इथे पगार खरंच महिन्याच्या महिन्याला होतो का.

म्हणून ज्यांची पोरं जायला निघालीत त्यांनी एवढं करा. २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, भारताने ते २०१५ ला मान्य केलंय, नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून फी घेता येत नाही. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक) हे खर्च वेगळे, ते तुमचे. एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं सरकारी लायसन्स आहे का ते डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर नंबर टाकून बघा, त्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. जहाजाचा आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख नंबर मागा, तो नेटवर टाकला की जहाज किती जुनं, कुठल्या झेंड्याखाली, कुठे आहे ते निघतं. करार चढायच्या आधी हातात हवा, सही केलेला, आणि एक कॉपी घरी ठेवा. रोख मागितली तर उठून या, काका-मामाच्या ओळखीचा असला तरी.

तो खेडचा पोरगा आता एबी, म्हणजे एबल सीमन झालाय, गेल्या महिन्यात फोन आला होता, जमीन सोडवली म्हणाला.